एक मोटार, प्रस्तावित

मला फक्त एक दार हवं होतं. साडेतीन फूट रुंद, सहा फूट उंच, लोखंडी. वर जाळी असली तर उत्तम, नसली तरी चालेल. लोक सरकारकडे धरणं मागतात, विमानतळ मागतात, आणि ते त्यांना मिळतातही. मी दार मागितलं, आणि आता आमच्या इमारतीतले लोक मला जिन्यात बघितलं की उगाच मोबाईल कानाला लावतात.

झालं असं की आमच्या मागे नवं बसस्थानक झालं. मागे म्हणजे अगदी पाठीला पाठ लावून. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चार नंबरच्या फलाटावरच्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र दिसतं, मथळे तर वाचतासुद्धा येतात. पहिल्या दिवशी आम्ही सगळे खिडक्यांत उभे राहून बसगाड्या मोजत होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकासमोरचा बावीस वर्षांचा जुना बसथांबा उपटून नेला. स्थानक झाल्यावर थांबा कशाला, असा त्यामागचा विचार. तिसऱ्या दिवशी आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या आवाराला भिंत, भिंतीपलीकडे स्थानकाचाच एक रिकामा तुकडा, आणि स्थानकाचं प्रवेशद्वार पार पलीकडे, हमरस्त्याच्या अंगाला. भिंत नसती तर ऐंशी पावलं. रस्त्याने जायचं तर फाटकातून डावीकडे, पेट्रोल पंपाला वळसा, चौक, मग पादचारी पूल चढायचा, उतरायचा, आणि जेवढं पुढे आलो तेवढंच उलट मागे यायचं. मी घड्याळ लावून चाललो. सव्वीस मिनिटं लागली. हिला चाळीस लागली.

ही म्हणजे माझी बायको. एका मोठ्या रुग्णालयात जुन्या रुग्णांचे कागद सांभाळायच्या खोलीत तिची नोकरी. कुणाचं ऑपरेशन कुठल्या साली झालं आणि त्याचे कागद कुठल्या फडताळात आहेत, हे तिला न बघता सांगता येतं. डॉक्टर लोक तिला घाबरून असतात. तिची निवृत्ती तीन वर्षांवर आली होती आणि उजवा गुडघा मात्र आधीच निवृत्त झाला होता. त्या पुलाला चढायला अठ्ठेचाळीस पायऱ्या आणि उतरायला अठ्ठेचाळीस. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, पिशवी ठेवली, खुर्चीत बसली आणि गुडघा चोळू लागली.

मग म्हणाली, "अहो, हे तीन वर्षं जमायचं नाही मला. त्या भिंतीत एखादं दार करून मिळालं तर नोकरी पुरी करीन. नाहीतर सोडून देते."

ही वाढवून बोलणाऱ्यातली नाही. ते काम माझ्याकडे आहे. मी म्हटलं, "दार ना? त्यात काय, करून घेऊ." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

माझ्या या आत्मविश्वासाला कारण होतं. मी एका खत कारखान्याच्या जावक विभागात एकतीस वर्षं काढलेली आहेत. अर्ज कसा जातो हे मला पाठ आहे. तो पुढे कुठे जातो, हे मात्र तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

स्थानकाच्या परिसराचा आराखडा नियोजन कार्यालयात लोकांना बघायला लावला होता. त्यात आमच्यामागचा तो तुकडा पिवळा रंगवून वर लिहिलं होतं, 'प्रवेश किंवा वाहनतळ, विचाराधीन.' एका महिन्याच्या आत सूचना द्यायच्या होत्या. मी अत्यंत मुद्देसूद अर्ज लिहून नेला. कारकुनाने तो हातात न घेताच विचारलं, "वैयक्तिक की सामूहिक?"

"फरक काय?"

"वैयक्तिक फाइलला लागते. सामूहिक साहेबांपुढे जाते."

"आणि फाइलला लागली की पुढे?"

"लागलेली असते."

एकतीस वर्षांच्या अनुभवामुळे मला हे लगेच पटलं. मी सामूहिकचा नमुना मागितला. पहिल्या पानावर रहिवाशांच्या सह्या. दुसऱ्या पानावर घरनिहाय वाहनांचा तपशील, त्यात दोन रकाने, सध्याची वाहने आणि प्रस्तावित वाहने. मी म्हटलं, "अहो, मला दार हवंय. त्यात गाड्यांचा काय संबंध?"

"नमुना एकच आहे," कारकून म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

आमच्या इमारतीत चाळीस घरं आणि एकेचाळीस मतं. जास्तीचं एक मत विमावाल्यांचं, कारण ते कुठल्याही बाजूला आधी एक मत देतात आणि मग फिरवून दुसरं देतात. हे पहिल्या मजल्यावर राहतात आणि विमे विकतात. भेटल्यावर पहिल्याच वाक्यात तुम्ही केव्हा मराल याचा अंदाज घेतात. सेक्रेटरींनी गच्चीवर सभा बोलावली. मी दाराचा विषय मांडला, आणि दाराने काय काय होईल हे मला त्या संध्याकाळी प्रथमच कळलं. दारातून चोर येतील. प्रवासी येतील आणि आपल्या नळावर तोंड धुतील. फेरीवाले येतील. तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, की मुलं शिकवणी बुडवून थेट बसमध्ये बसतील. सेक्रेटरी म्हणाले की दार उघडं ठेवायचं की बंद हे आधी ठरवा, कारण बंदच ठेवायचं असेल तर भिंत आहेच.

ही माझ्या शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "सकाळी आपल्या गल्लीतल्या बायका पूल चढताना बघितल्यात का कुणी?" कुणीच बघितलं नव्हतं. त्या वेळी सगळे झोपलेले असतात.

एवढ्यात विमावाल्यांनी माझ्या हातातला नमुना ओढून घेतला आणि दुसरं पान वाचून त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. म्हणाले, "मंडळी, दार सोडा. हे बघा. वाहनांचा तपशील मागतायत. का मागतायत? मागे वाहनतळ होणार आहे. जागा कशी वाटणार? ज्याची जितकी वाहनं तितकी जागा. आता कमी सांगाल तर कमी मिळेल, मग माझ्याकडे येऊ नका."

त्यांच्याकडे कुणी कधीच जात नाही, तेच येतात. पण सभेचा नूर पालटला. दाराला विरोध करणारे सगळे क्षणात सह्या करायला तयार झाले, फक्त यादी ज्याची त्याने सांगायची आणि मी लिहून घ्यायची, या अटीवर. म्हणजे यादीशिवाय सह्या नाहीत, सह्यांशिवाय सामूहिक नाही, आणि सामूहिकशिवाय दार नाही. मी म्हटलं, आपल्याला दाराशी मतलब. लिहू देत काय लिहायचं ते.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन घरोघर फिरलो. मी म्हणजे जनगणनेचा माणूसच झालो होतो, फक्त माणसं सोडून बाकी सगळं मोजत होतो. सेक्रेटरींनी तीन मोटारी सांगितल्या. एक त्यांची, एक परदेशी असलेल्या मुलाची, जी तिकडेच आहे, आणि एक तो परत आल्यावर घेईल ती. शिकवणीवाल्या बाईंनी जिन्याखालची स्कूटर लिहायला लावली. त्या स्कूटरच्या डिकीत गेली पाच वर्षं मनीप्लँट आहे आणि तो आता हँडलपर्यंत पोचलाय. चौथ्या मजल्यावरच्या ऐंशी वर्षांच्या आजींच्या नावावर त्यांच्या सुनेने एक मोटारसायकल लावली. आजी आतून ओरडून म्हणाल्या, लाल लिहा. एकाने व्यायामाची, एका जागी उभी असलेली सायकल सांगितली. मी म्हटलं ती पुढे जात नाही. तो म्हणाला, मग तिला जागा लागणारच ना.

शेवटी सतरा नंबरची ओळ राहिली, म्हणजे आमची. मी विमावाल्यांच्या घरी बसून यादी पक्की करत होतो. आमच्यासमोर दोन्ही रकान्यांत मी आडव्या रेघा मारल्या. विमावाल्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं.

"काय हो, तुमच्याकडे काहीच नाही? सायकलसुद्धा?"

त्यांच्या पत्नी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "असू दे हो. सगळ्यांनाच कुठे परवडतं."

त्या सहज म्हणाल्या, मला मान्य आहे. पण सहज मारलेला दगडच जास्त लागतो. मनीप्लँट असलेल्या बाईला वाहन, आजींना लाल मोटारसायकल, आणि एकतीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसापुढे आडवी रेघ. मी रेघ खोडली आणि 'प्रस्तावित' या रकान्यात लिहिलं, मोटार, एक. आता यात खोटं काय होतं? मोटारीचा प्रस्ताव मी घरात गेली वीस वर्षं मांडत आलोय. तो मंजूर झाला नाही ही गोष्ट वेगळी. घरी येऊन हिला मी यादी पुरी झाली एवढंच सांगितलं. तिने विचारलं, "दाराचं नीट लिहिलंत ना?" मी म्हटलं, पहिल्याच ओळीत.

यादीची बेरीज एकशे चौऱ्याण्णव वाहनं झाली. खाली 'वरील माहिती सत्य आहे' याखाली अर्जदार म्हणून माझी सही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आठवड्याने पत्र आलं, की साहेब सकाळी साडेसात वाजता स्थळपाहणीला येणार. मला आनंद झाला. भिंत बघतील, पूल बघतील, दार देतील. इमारतीला मात्र घाम फुटला, कारण आवारात त्या वेळी मोजून सतरा वाहनं होती आणि त्यातल्या एकावर मनीप्लँट. विमावाले म्हणाले, "गाड्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर सगळे अडकू." मग आदल्या संध्याकाळपासून नातेवाइकांना फोन गेले. सकाळी सात वाजता मी खाली आलो तर आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. विमावाल्यांचे सासरे, मेव्हणा आणि साडू अशा तीन मोटारी. शिकवणीवाल्या बाईंनी शाळेची व्हॅन मागून आणलेली. कुणीतरी मोटार शिकवण्याच्या शाळेची गाडी आणली होती, तिला दोन्ही बाजूंना ब्रेक. सेक्रेटरींनी पाण्याचा टँकर उभा केला होता. मी म्हटलं, हा कुणाचा? ते म्हणाले, मालकीचं नंतर बघू. जे आत मावले नाहीत ते गल्लीत, आणि गल्लीत मावले नाहीत ते चौकापर्यंत.

साहेबांची जीप चौकातच अडकली. ते खाली उतरले, टाचा उंचावून आमच्या गल्लीकडे बघितलं, आणि तिथेच उभं राहून वहीत लिहायला लागले. भिंतीपर्यंत ते पोचलेच नाहीत.

आणि हिची निघायची वेळ तीच. सव्वाआठची बस. ती फाटकाकडे टँकर आणि व्हॅनच्या मधून आडवी होऊन सरकत होती. विमावाल्यांच्या साडूला वाटलं, साहेबांना गाडी नीट दिसावी, म्हणून त्याने ती जरा मागे घेतली. ही पटकन मागे झाली, पाय नालीच्या कडेवरून घसरला आणि तोच गुडघा मुरगळला. मी धावलो, पण मध्ये चार गाड्या होत्या, आणि मी पोचेपर्यंत ती टँकरच्या चाकाला धरून उभी राहिलेली होती. मी म्हटलं, आज नको जाऊस. ती म्हणाली, "आज तपासणीचे कागद काढून द्यायचेत, दुसऱ्या कुणाला सापडायचे नाहीत." आणि लंगडत पुलाकडे गेली. मला फार राग आला. कुणाचा ते मात्र त्या वेळी मी नीट ठरवलं नाही.

पंधरा दिवसांनी सुनावणी. हिने अर्धा दिवस रजा काढली, गुडघ्याला पट्टा बांधला आणि माझ्याबरोबर आली. पर्समधून तिने एक कागद काढून मला दाखवला. रोज पूल चढताना तिने आमच्या गल्लीतल्या बायका विचारून विचारून लिहिल्या होत्या. कोण, कुठे कामाला, कितीची बस. एकतीस नावं होती. दोघी गरोदर होत्या, त्यांच्यापुढे तिने छोटी फुली केली होती. तिच्या खोलीतल्या कागदांसारखाच स्वच्छ कागद.

इमारतीतले वीसेक जण मागच्या बाकांवर बसले होते. साहेब तरुण होते आणि वागायला अतिशय सभ्य. उर्मट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी फाइल उघडली.

"चाळीस घरं, एकशे चौऱ्याण्णव वाहनं," ते म्हणाले. "घरटी चार माणसं धरली, आणि तान्ह्या मुलांसकट प्रत्येक जण स्वतंत्र गाडी घेऊन बाहेर पडला, तरी चौतीस गाड्या घरी उरतात. मी स्वतः पाहणी केली. वाहनांची गर्दी मी इतकी कुठेच बघितलेली नाही. त्यामुळे त्या जागेत वाहनतळ करणं भाग आहे. दाराचं म्हणाल, तर बसने जाणारे रहिवासी इथे दिसत नाहीत."

मागून विमावाले समाधानाने खाकरले. ही उभी राहिली.

"साहेब, मी रोज बसने जाते. आमच्या गल्लीतल्या एकतीस जणी जातात. ही नावं." तिने कागद पुढे केला.

साहेबांनी कागद आदराने घेतला आणि पाठपोट बघितला. "यावर कुणाची सही नाही, बाई. तुमचा घर नंबर?"

"सतरा."

त्यांनी टाईप केलेल्या यादीवरून बोट खाली आणलं. "सतरा. मोटार, एक."

"नाही साहेब. आमच्याकडे मोटार नाही. सायकलसुद्धा नाही."

मी उठलो. म्हटलं, "साहेब, ती प्रस्तावित..."

"टाईप करताना दोन्ही रकाने एकत्र केलेत," साहेब म्हणाले. मग त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली. "खाली सही तुमचीच आहे ना? माहिती खोटी असेल तर आत्ता सांगा. मग अर्ज रद्द होईल आणि सही करणाऱ्यावर कारवाई करावी लागेल. माझाही नाइलाज आहे. बोला, मोटार आहे की नाही?"

मागून कुणीतरी माझा शर्ट ओढला. मला चार शब्द बोलायचे होते. यादी खोटी आहे, साहेब. एवढंच. कारवाई होऊन होऊन काय झाली असती माझ्यावर? पण मागे वीस माणसं बसली होती, विमावाले होते, आणि त्यांच्यासमोर मला म्हणावं लागलं असतं, की माझ्याकडे काही नाही आणि मी आहे असं लिहिलं. आयुष्य जावकमध्ये काढलेल्या माणसाच्या तोंडातून चार शब्द बाहेर गेले नाहीत.

हिने माझ्याकडे बघितलं. लग्नाला तीस वर्षं झाली. चिडून, हसून, कंटाळून, सगळ्या तऱ्हांनी तिने माझ्याकडे बघितलेलं आहे. असं कधी बघितलं नव्हतं. मग ती साहेबांकडे वळली.

"असेल साहेब," ती म्हणाली. "यांनी घेतली असेल. मला सांगायचं राहिलं असेल."

मागे दोघंतिघं हसले. तिने कागद परत घेतला, चार घड्या घातल्या, पर्समध्ये ठेवला आणि खाली बसली. साहेबांनी लिहिलं, 'दार अनावश्यक.' मला तिथे जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही, आणि जाऊही नये.

वाहनतळ झपाट्याने झाला. सरकारला एखादी गोष्ट ज्यांना ती नको त्यांच्यासाठी करायची असली की काम कसं वेळेत होतं. मोजून एकशे चौऱ्याण्णव पांढऱ्या चौकटी आखल्या आणि गाड्या सुरक्षित राहाव्यात म्हणून स्थानकाच्या अंगाला नवी उंच भिंत घातली. आमच्या आवाराच्या बाजूने मात्र भिंत फोडून गाड्यांसाठी मोठं फाटक केलं, दहा फुटांचं. ते बघून मी घरात येऊन झोपून राहिलो. आत रोज अकरा स्कूटर असतात. विमावाल्यांची एक मोटार असते, ती पण दोन चौकटी अडवून. दिवे रात्रभर डोळ्यांवर येतात, आणि हा उद्योग कुणी करून ठेवला असं विचारलं की सगळे सतरा नंबरकडे बोट दाखवतात. अर्जदार मीच ना.

हिने अडीच महिने पूल चढला. मग एक दिवस राजीनामा देऊन आली. मला आधी विचारलं नाही, नंतर रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. रुग्णालयातून अजून फोन येतात, बाई, अमक्या सालचे कागद कुठे. ती भाजी निवडता निवडता फडताळ आणि कप्पा सांगते, आणि फोन ठेवून पुढची जुडी उचलते.

डॉक्टरांनी तिला रोज सकाळी सपाट जमिनीवर चालायला सांगितलंय. आमच्या भागात सपाट आणि मोकळी जमीन एकच आहे. पहिल्या दिवशी आम्ही दोघं वाहनतळाच्या फाटकातून आत शिरलो तर राखणदाराने हटकलं. "काका, गाडीशिवाय आत यायला मनाई आहे."

मी परत फिरणार, तेवढ्यात हीच म्हणाली, "गाडी आहे आमची. सतरा नंबर. साहेबांच्या यादीत बघा."

राखणदाराने बाजूला होऊन वाट दिली. मोटारीचा विषय तिने त्या सुनावणीनंतर तेवढा एकदाच काढला.

आता आम्ही रोज तिथे चालतो. इकडच्या फाटकापासून त्या नव्या भिंतीपर्यंत आणि परत. भिंतीपाशी आलं की तिचा गुडघा जरा बोलायला लागतो, म्हणून ती भिंतीला हात टेकून उभी राहते. पलीकडे फलाट आहे. माणसांचे आवाज येतात, इंजिन सुरू झाल्याचं ऐकू येतं, कंडक्टर घंटी देतो. काल आम्ही असेच उभे होतो. पलीकडून बस निघाल्याचा आवाज आला, तशी तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"सव्वाआठची," ती म्हणाली. "आज अगदी वेळेवर सुटली."

मी हो म्हटलं, आणि आम्ही परत फिरलो.